उसनी वाद्यं

संगीत विभागाचं तळघर, खोली बी-चौदा.
वरच्या मजल्यावर पियानोंना खिडक्या आहेत,
थेट सुपीरियर तळ्यावर उघडणाऱ्या.
इथे नुसते वाफेचे पाइप,
आणि फरशीवर, प्रत्येक खुर्चीच्या उजव्या पायाशी,
पन्नास वर्षांचे वाळलेले गोल डाग.

"थुंकी नव्हे ती," प्राध्यापक हालवर्सन पहिल्या दिवशी म्हणाले,
"श्वास आहे. गार पितळेला लागला की त्याचं पाणी होतं.
बूट जपा."

मी पियानोवाली.
माझ्या वाद्याला कधी माझा दम लागला नाही.
दम धर, दम खा, दम टिकव,
हे सगळं मी जिने चढताना ऐकलेलं.
पण शाळेत बँड शिकवायचा तर
प्रत्येक फुंकवाद्य सहा आठवडे उसनं घ्यायचं,
असा डुलुथमधला आमच्या विभागाचा नियम.
पेटीच्या झाकणाआत चिकटपट्टीवर
आधी नेणाऱ्यांची नावं :
लेम्पी. ऑर्विल. आर. सावेला. पुन्हा लेम्पी.
(बिचारी नापास झाली असणार.)

क्लॅरिनेटची पात जिभेवर भिजवायची,
तिला आइस्क्रीम संपल्यानंतरच्या काडीची चव.
बोट आणि भोक यांच्यात केसाएवढी फट,
की सूर बदकासारखा किंचाळत बाहेर पडतो.
बासरीने मला दोनदा भोवळ आणली.
आणि हॉर्न!
एकाच बोटाखाली सात सूर राहतात, भिंतीला भिंत लावून.
बेल एकाची दाबावी,
दार भलताच उघडतो.

चौथ्या आठवड्यात हालवर्सनांनी पुस्तक मिटलं.
"आता चुका शिका. नीट शिका.
गाल फुगवा. वाजवा.
खांदे कानांपर्यंत न्या. वाजवा.
पात दाताने चावा.
ऐकलंत? हा चावल्याचा आवाज.
आणि हा, ऐका, घाबरल्याचा.
उद्या तीस पोरं एकदम वाजवतील,
तुम्ही फळ्याकडे वळलेल्या असाल,
तेव्हा कोण कसं चुकतंय ते पाठीला कळलं पाहिजे."

ट्यूबावाल्या डेक सुंडवॉलला चूक जमेना.
बारा वर्षं वाजवतोय. ओठ आपोआप जागेवर जायचे.
वाकडा बसून बघितला, अर्धवट फुंकून बघितलं,
प्रत्येक वेळी तोच गोल, जाड, सुंदर सूर.
तो घामाघूम,
आम्ही हसून हसून बेजार.
त्या दिवशी पितळ उघडं पडलं ते त्याचं,
आणि मला, जन्मात पहिल्यांदा,
वाईट वाजवण्याबद्दल पैकीच्या पैकी.

फेब्रुवारी. बंदर गोठलेलं.
रेल्वेयार्डामागच्या शाळेत माझा सरावाचा पाठ.
मेव्हिस डेफो, वय नऊ,
ट्रॉम्बोन तिच्याहून थोडासाच आखूड.
सातव्या जागेपर्यंत नळी लांबवायची,
तर हात संपतो.
तिने खांदा दिला, मान दिली, दात आवळले,
आणि नळी सुटून धाडकन फरशीवर.

सगळा वर्ग गप्प.
हा आवाज माझ्या ओळखीचा होता.
नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी
बी-चौदामध्ये मी तो स्वतः काढला होता,
आणि तेव्हा चुकीचा सराव चालू नव्हता.

मी नळी उचलली. पोचा बघितला, लहानसा.
म्हटलं, "सहावीपर्यंतच जा.
सातवी तुझ्या हाताची वाट बघेल."
तिने माझ्याकडे पाहिलं,
जसं मोठ्यांच्या बोलण्याकडे पाहतात, हिशेब करत.
मग फुंकलं.
आधी नुसती हवा. मग गुरगुर.
मग एक सूर, काठ फाटलेला, पण सूर,
समोरच्या खुर्चीचं सैल पत्र थरथरवणारा.

नळीच्या टोकाखाली फरशीवर एक थेंब.
"मी थुंकले?"

मी तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, पाठच होतं.
पण तोवर तिने बूट काढला होता,
मोज्याच्या टाचेने थेंब पुसला होता,
आणि ओठ पुन्हा पितळेला लावून
भुवयांनीच मला विचारत होती,
पुन्हा?